आधी कोणाचं रान? एका नगरपंचायतीतल्या आघाडीचं प्रकरण

२१ डिसेंबर २०२१ च्या संध्याकाळी मतदान संपलं, यंत्रं सीलबंद होऊन गेली आणि गावात कधी नव्हे ती शांतता पसरली. गुलाल नाही, हलगी नाही. कारण मोजणी दुसऱ्या दिवशी नव्हतीच. सतरा प्रभागांपैकी तेरा प्रभागांनी मत दिलं होतं, चार प्रभागांचं मतदान १८ जानेवारीला होणार होतं आणि सगळ्यांची मोजणी एकदम १९ जानेवारीला. मधले चार आठवडे दोन छोटे पक्ष एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. एकाचं बरंचसं काम होऊन गेलं होतं, दुसऱ्याचं अजून अडकलेलं होतं. त्या चार आठवड्यांत काय घडलं आणि पुढे अडीच वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा कसा उभा राहिला, ते इथे मांडतो आहे.

गाव सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातलं. नाव देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशील बदलले आहेत. या सगळ्यांना रोज एकाच पारावर बसायचं आहे. मी तिथल्या हायस्कूलमध्ये आयुष्य काढलं, दोन्हीकडचे पुढारी माझ्या वर्गात बसलेले. त्यामुळे जागावाटपाची वही कोणाकडे ठेवायची हा प्रश्न आला तेव्हा माझं नाव पुढे आलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

दोन्ही पक्ष राज्य निवडणूक आयोगाकडे नोंदलेले, पण मान्यता नसलेले. म्हणजे स्वतःचं राखीव चिन्ह नाही, मुक्त चिन्हांतून मिळेल ते घ्यायचं. एकाचा जोर बाजारपेठेत, जुन्या गावठाणात. त्याला इथे पेठवाले म्हणतो. दुसऱ्याचा जोर मळ्यांत आणि वस्त्यांवर. ते मळेवाले. पेठवाल्यांचं पुढारीपण एका तरुण व्यापाऱ्याकडे, सगळे त्याला दादा म्हणतात. मळेवाल्यांचे आण्णा साठी उलटलेले, शेतकरी चळवळीत लाठ्या खाल्लेले. समोर एका मोठ्या पक्षाचं पॅनल, ज्याच्या हातात पहिल्यापासून सत्ता.

मागच्या वेळी हे दोघे वेगवेगळे लढले होते. कितीतरी प्रभागांत दोघांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या उमेदवाराच्या मतांहून जास्त भरली होती. हे गणित गावातल्या न्हाव्याच्या दुकानातसुद्धा तोंडपाठ होतं. पण बेरीज कागदावर होते. मत म्हणजे काही पुढाऱ्याच्या कणगीतलं धान्य नव्हे, की पायलीनं मोजून शेजाऱ्याला द्यावं. पुढाऱ्यांचं जुळलं तरी भावकीचं जुळायला हवं, आणि मळ्यातल्या माणसानं पेठेतल्या माणसाच्या चिन्हासमोरचं बटण दाबायला त्याच्या मनात काहीतरी हलावं लागतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या भागात मोठ्या पक्षाकडे साखर कारखाना असतो, बाजार समिती असते, दूध संघ, बँक, विकास सोसायटी असते. एखाद्याला प्रभाग सोडायला लावला तर त्याला कारखान्याचं संचालकपद देता येतं, पोराला पतसंस्थेत चिकटवता येतं, नाहीतर स्वीकृत नगरसेवक करता येतं. थांबणाऱ्याला भरपाई मिळते, म्हणून थांब म्हटलं की माणूस थांबतो. साताऱ्यात उदयनराजे आणि शिवेंद्रराजे यांच्या दोन आघाड्यांचं ‘मनोमिलन’ बरीच वर्षं चाललं. २०१६ ला ते मोडलं, उदयनराजेंच्या सातारा विकास आघाडीच्या माधवी कदम यांनी शिवेंद्रराजेंच्या नगर विकास आघाडीच्या वेदांतिकाराजे भोसले यांचा नगराध्यक्षपदासाठी पराभव केला. तरीही दोन्ही घराणी, दोन्ही आघाड्या जागच्या जागी राहिल्या आणि पुढे दोन्ही राजे एकाच पक्षात आले. मोठ्यांना मोडलेला समझोता पेलतो. छोट्या पक्षाकडे द्यायला फक्त शब्द असतो. तो एकदा बुडाला की पुढच्या वेळी प्रभागात उभं राहायला माणूस मिळत नाही.

बैठका एका बेदाण्याच्या शेडमध्ये व्हायच्या. डिसेंबरात शेड रिकामं असतं, द्राक्षं उतरायला अजून वेळ असतो. हिरव्या जाळ्या बाजूला सारून रॅकच्या मधल्या जागेत सतरंजी टाकलेली, वर एकच बल्ब. चौथ्या बैठकीत आकडा जमला: पेठवाले नऊ, मळेवाले आठ. एका प्रभागात आघाडीचा एकच उमेदवार, ‘मैत्रीपूर्ण लढत’ कुठेही नाही. नगराध्यक्ष तेव्हा नगरसेवकांतून निवडला जायचा, पद अडीच वर्षांचं. त्यामुळे पहिली पाळी ज्यांचे जास्त निवडून येतील त्यांची, दुसरी दुसऱ्यांची.

मग नेहमीचा प्रश्न. हे पाळलं जाईल याची खात्री काय? कोणी म्हणालं स्टॅम्पवर करू. मी सांगितलं, पदांच्या वाटपाचा असा करार कोर्टात उभा राहत नाही, तो कागद फक्त भांडणात एकमेकांना दाखवायला उपयोगी पडेल. दुसरा म्हणाला, मग बेलभंडारा उचला. आण्णा त्यावर म्हणाले, “भंडारा उचलून उलटलेली माणसं मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात. देवाला यात ओढू नका. सरांच्या वहीत लिहा, आणि अर्जावर सूचक म्हणून एकमेकांची माणसं घाला. सही सगळ्या गावाला दिसती.”

ही सूचना मला आजही फार मोलाची वाटते. सूचक त्याच प्रभागाचा मतदार लागतो. म्हणजे मळेवाल्यांच्या उमेदवाराच्या अर्जावर त्या प्रभागात राहणाऱ्या पेठवाल्या घरातल्या कर्त्या माणसानं सही करायची. ही सही त्याला बांधत नाही, मतदान गुप्तच राहतं. पण सही केल्यावर तो माणूस बायकोला, भावाला, तालमीतल्या पोरांना काय सांगणार? त्याच्या घरातली मतं आपोआप एका बाजूला सरकतात. गुप्त देवाणघेवाणीचा थोडा भाग तरी उघड्यावर आला.

सगळं ठरलं, आणि ६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या २७ टक्के ओबीसी आरक्षणाला स्थगिती मिळाली. १५ डिसेंबरला न्यायालयानं त्या जागा सर्वसाधारण करून निवडणूक घ्यायला सांगितलं. सतराचे २७ टक्के म्हणजे साडेचार, अपूर्णांक सोडून चार. बाकी तेरा प्रभागांचं मतदान ठरल्या तारखेला, या चारांचं नव्यानं अर्ज मागवून १८ जानेवारीला.

चारांपैकी तीन मळेवाल्यांच्या वाट्याचे निघाले, एक पेठवाल्यांचा.

हे कोणी ठरवून केलं नव्हतं. पण वहीतला तोल एका दिवसात बिघडला. २१ डिसेंबरला पेठवाल्यांचे आठ उमेदवार उभे होते आणि मळेवाल्यांचे पाच. मळेवाल्यांनी आठ ठिकाणी मतं दिली, पाच ठिकाणी घेतली. उरलेल्या टप्प्यात पेठवाल्यांना घ्यायचं होतं एका प्रभागात आणि द्यायचं होतं तीन प्रभागांत. एकाच दिवशी, एकाच वेळी होणारी अदलाबदल चार आठवड्यांच्या उधारीत बदलली.

आण्णांनी त्याला बरोबर नाव दिलं. “सर, हा पैरा झाला.” ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: दोन शेतकरी बैल आणि माणूसबळ एकत्र करतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. पेरणीचा वाफसा दोन-तीन दिवसांचा असतो. ज्याचं रान आधी उरकतं तो निवांत होतो. दुसऱ्याचं रान वाळत असतं. पैरा मोडतो तो अशा वेळी, आणि मोडणारा माणूस वाईटच असतो असं नाही. त्याला घरी दुसरं काम निघतं, बैलाचा पाय दुखतो, पाहुणे येतात. कारण खरंही असतं. आधी ज्याचं रान उरकलं त्याला कारणं लवकर सापडतात, एवढंच.

मतपेट्या बंद, निकाल नाही, त्यामुळे पहिल्या टप्प्यात कोणी कोणाला किती दिलं हे तपासायला साधन नव्हतं. बूथवर बसलेल्या पोरांच्या टिक केलेल्या याद्या होत्या. यादी सांगते कोण येऊन गेलं. कोणतं बटण दाबलं ते ती सांगत नाही. या पोकळीत सत्ताधारी पॅनलनं पेरणी केली. चहाच्या टपरीवर कोणी सहज बोलून जायचं, “पेठेतली माणसं आली होती, पण मारलं आमच्यालाच.” दुसऱ्या टपरीवर हेच उलट्या बाजूनं. जो सांगायचा त्याच्याकडे पुरावा नव्हता, पण ऐकणाऱ्याकडेही ते खोटं ठरवायला पुरावा नव्हता. मी या काळात रोज दोन्हीकडे जात होतो. मला दिसलं ते असं, की अफवेवर पूर्ण विश्वास कोणीच ठेवत नव्हता, आणि कोणीच ती मनातून काढूनही टाकत नव्हता.

त्यात भाच्याचं प्रकरण आलं.

मळेवाल्यांच्या तीन प्रभागांपैकी एक आता सर्वसाधारण झाला होता. आधी जिथे उभंच राहता येत नव्हतं अशा ठिकाणी आता कोणालाही अर्ज भरता येणार होता. दादाच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा तिथेच राहायला. शिकलेला, मंडळाचा अध्यक्ष, गणपतीत रात्रंदिवस राबणारा पोरगा. त्यानं अपक्ष म्हणून अर्ज भरला. दादा म्हणाला, मला न विचारता भरला. मी दादाला ओळखतो, ते खरं होतं. पण मळेवाल्यांच्या बैठकीत ते कोणाला पटेना. तरुण पोरं म्हणाली, हीच मैत्रीपूर्ण लढत. आठ प्रभागांत आपली मतं घेतली, आता भाचा पुढे केला. एकजण म्हणाला, पेठेच्या त्या एका प्रभागात आपणही एक अपक्ष टाकू, फिटंफाट होईल. आण्णांनी त्याला गप्प केलं खरं, पण त्या रात्री त्यांचाही आवाज बसलेला होता.

माघारीची मुदत दुपारी तीनपर्यंत. सकाळी मी दादाकडे गेलो. तो दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यावर बसला होता, समोर बहीण. बहिणीचं म्हणणं सरळ होतं: “तुझ्या पक्षात दहा वर्षं माझ्या पोरानं सतरंज्या उचलल्या. आज त्याची पाळी आली तर तू दुसऱ्याच्या शब्दासाठी त्याला खाली बसवणार?” याला उत्तर नव्हतं. दादाकडे त्याला देण्यासारखं काहीही नव्हतं. मोठ्या पॅनलमध्ये असता तर एका फोनवर भरपाई झाली असती. दादानं एवढंच विचारलं, “आक्का, आज हा उभा राहिला तर पुढच्या वेळी माझ्याशी बोलायला कोण बसेल?”

सव्वादोनला भाच्यानं माघारीच्या अर्जावर सही केली. दादा त्याला स्वतःच्या मोटरसायकलवर मागे बसवून कचेरीत घेऊन गेला, बाजारपेठेतून, सगळ्यांच्या देखत. आण्णांना फोन करून सांगितलं असतं तर काम झालं असतं, पण तो मुद्दाम पेठेतून गेला. चार दिवसांनी संक्रांत होती. त्या वर्षी बहिणीकडून तिळगूळ आला नाही.

१९ जानेवारीचा निकाल असा लागला: पेठवाले पाच, मळेवाले तीन, सत्ताधारी पॅनल आठ, एक अपक्ष. आघाडीला आठ आणि बहुमताला नऊ.

मळेवाल्यांचे दुसऱ्या टप्प्यातले तीन प्रभाग होते. एक जिंकला. एक हरला तो मोठ्या फरकानं, तो पॅनलचा बालेकिल्लाच होता. तिसरा, भाच्यानं माघार घेतलेला, अकरा मतांनी गेला. अकरा. मोजणीच्या ठिकाणाहून बाहेर पडताना मळेवाल्यांचा एक तरुण माझ्याजवळ येऊन म्हणाला, “सर, आता तरी म्हणू नका की शब्द पाळला.” भाचा आणि त्याचं मंडळ घरी बसलं, नाहीतर उलटं मारलं, अशी सगळ्यांची खात्री झाली होती. त्या क्षणी मलाही तसंच वाटलं.

पण बूथची टिक केलेली यादी माझ्याकडे आली होती. दोन रात्री मी ती घेऊन बसलो. भाच्याच्या गल्लीतली नावं बघितली. बहुतेक सगळी येऊन गेलेली, भाच्याचं घर सकाळीच आलेलं. त्यांनी काय केलं हे कळायला मार्ग नाही, पण घरी बसले हा आरोप तरी खोटा निघाला. मग खाली मळ्याच्या बाजूची नावं बघायला लागलो, आणि तिथे टिक नसलेल्या नावांची रांगच लागली.

ही गलाईवाल्यांची नावं होती. आपल्या या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. कोईम्बतूर, मदुराई, कोलकाता, कुठे कुठे. नावं मात्र गावच्या यादीत. त्या प्रभागात अशी चौतीस नावं मी मोजली, जवळजवळ सगळी मळेवाल्यांच्या भावकीतली. त्यांतली सहा आली होती. अठ्ठावीस आली नव्हती.

चौकशी केली तेव्हा उलगडलं. यांतल्या कितीतरी जणांनी २१ डिसेंबर धरून तिकिटं काढली होती. आपल्या प्रभागाचं मतदान पुढे गेलंय हे कळेपर्यंत काहीजण निघालेही होते. ते आले, दोन दिवस राहिले, आपल्या प्रभागात मतदानच नाही म्हणून परत गेले. जानेवारीत पुन्हा दोन-तीन दिवसांचा प्रवास, पुन्हा दुकान बंद. त्यातच ओमायक्रॉनची लाट चढलेली. मतदानाच्या दोन दिवस आधीच्या रविवारी, १६ जानेवारीला, तमिळनाडूत पूर्ण टाळेबंदी होती. लोक घाबरले, राहिले.

एवढं असूनही अठ्ठावीसांपैकी निम्मी माणसं आणता आली असती. डिसेंबरमध्ये आणलीच होती ना. तेव्हा एक पोरगा आठ दिवस फक्त फोन करत बसला होता. जानेवारीत तो पोरगा कुठे होता? मी विचारलं. तो पेठवाल्यांच्या घरांवर लक्ष ठेवायला नेमला होता. भाच्याच्या गल्लीत कोण येतं, कोण जातं, रात्री कोणाच्या गाड्या थांबतात, याची राखण करायला मळेवाल्यांनी आपली सगळ्यात कामाची सहा पोरं लावली होती. शेजारी आपलं पीक कापील म्हणून बांधावर जागत बसले, आणि आपल्याच विहिरीची मोटर चालू करायची राहून गेली.

मी वही आणि यादी घेऊन आण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं. प्रत्येक नावापुढे मी गाव लिहिलं होतं. वाचून झाल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे फोन आमचे होते.”

आघाड्यांबद्दल बोलताना आपण कायम दगाबाजीचा हिशोब करतो. कोणी कोणाचा गळा कापला, कोणी क्रॉस मारलं. या प्रकरणानं मला दुसरा हिशोब दाखवला. दगा झाला नाही तरी दगा होईल या भीतीनं जी माणसं, जे दिवस राखणीला लागतात, त्यांची किंमत मतांत मोजावी लागते. मोठ्या पॅनलकडे राखणीलाही माणसं असतात आणि फोनलाही. छोट्या पक्षाकडे तीच सहा पोरं असतात. संशयाला लावली की कामाला उरत नाहीत.

पुढचा भाग आटोपता घेतो. अपक्ष नगरसेवक सोबत आला, त्याला उपनगराध्यक्षपद द्यायचं ठरलं. नऊ विरुद्ध आठ. निकालानंतर महिन्याच्या आत आघाडी नोंदवता येते, आणि एकदा नोंदवली की १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम तिला लागू होतो. गटनेत्यानं काढलेला व्हिप, म्हणजे मत कोणाला द्यायचं याचा आदेश, मोडणाऱ्यावर अपात्रतेची तलवार येते. म्हणजे मतदानाआधीच्या शब्दाला कायद्यात कुठेही जागा नाही, पण निवडून आल्यानंतरच्या शब्दाला थोडीफार आहे.

व्हिप कोणाच्या हातात, यावर रात्र गेली. पेठवाल्यांचे पाच, नगराध्यक्षही त्यांचाच, म्हणून गटनेताही त्यांचाच असं त्यांच्या पोरांचं म्हणणं. दादानं ते मोडून काढलं आणि गटनेतेपद मळेवाल्यांना दिलं. खुर्ची एकाकडे, व्हिप दुसऱ्याकडे. माझ्या मते नऊ-आठचं ते सभागृह टिकलं त्याचं मोठं कारण हे. नुसत्या व्हिपनं टिकलं असतं असं मी म्हणणार नाही. सांगली महापालिकेत २३ फेब्रुवारी २०२१ ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ७८ पैकी ४१ नगरसेवक निवडून आणलेल्या पक्षाचा महापौरपदाचा उमेदवार ३९ विरुद्ध ३६ असा पडला आणि राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी महापौर झाले. राज्यभर पसरलेला पक्ष, स्पष्ट बहुमत, व्हिप, सगळं असून.

नगराध्यक्षपदाची आरक्षण सोडत निकालानंतर निघाली आणि पद महिलेसाठी आलं. पेठवाल्यांच्या एक नगरसेविका नगराध्यक्षा झाल्या. त्यांना गावात वहिनी म्हणतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये अडीच वर्षं संपत आली आणि राज्य मंत्रिमंडळानं नगराध्यक्षांची मुदत अडीचवरून पाच वर्षं करण्याचा निर्णय घेतला. पुन्हा तेच. कोणाचा काही दोष नसताना पैऱ्यातला दुसरा दिवसच गेला.

मी वही उघडली. त्या रात्री शेडमध्ये मी लिहिलेली ओळ होती: “पहिली टर्म ज्यांचे जास्त त्यांची, दुसरी टर्म दुसऱ्यांची.” मी ‘टर्म’ लिहिलं होतं. ‘अडीच वर्षं’ लिहिलं नव्हतं. त्या वेळी दोन्हींचा अर्थ एकच होता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आता पेठवाल्यांची पोरं म्हणायला लागली, टर्म कायद्यानं पाच वर्षांची झाली, दुसरी टर्म उरलीच नाही, आम्ही शब्द मोडत नाही. शब्दांत बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. मला त्या एका शब्दाची आजही रुखरुख आहे.

मळेवाले चिडले. पाणीपुरवठ्याचा एक ठराव दोनदा तहकूब झाला. पुढच्या उन्हाळ्यात दोन वस्त्यांवर टँकर वाढला. ज्या लोकांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता त्यांनी ते सोसलं, आणि याची जबाबदारी दोन्ही पक्षांवर येते, मळेवाल्यांवरसुद्धा.

दादा यात गप्प राहिला. २०२२ ला भाच्याला बसवलेला दादा आता बोलत नव्हता. बहिणीचं घर नुकतंच पुन्हा जुळलं होतं, पक्षातली पोरं आधीच म्हणत होती की तुम्ही कायम त्यांचंच बघता. एका माणसाकडून आपण किती वेळा आधी दे म्हणून मागायचं, हा प्रश्न मला तेव्हा पडला. आघाडी एकाच्या खांद्यावर चालली की तो खांदा कधीतरी दुखतोच.

वाट निघाली ती वहिनींकडून. दिवाळीनंतरच्या बैठकीत सगळे ‘टर्म’चा कीस पाडत होते. त्या इतका वेळ ऐकत बसल्या होत्या. म्हणाल्या, “त्या रात्री शेडात मी पण होते. टर्म म्हणजे किती, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं का?” कोणी उत्तर दिलं नाही. त्यांनी एक मुदत मागितली. त्यांच्या प्रभागातल्या गटाराचं काम चालू होतं, तेवढं पुरं होऊ द्या. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे राजीनामा दिला. पाच महिने उशिरा. नव्या निवडीच्या दिवशी पेठवाल्यांच्या एका नगरसेवकाचा फोन सकाळपासून बंद होता. सभा सुरू व्हायला दहा मिनिटं असताना तो आला, मागच्या खुर्चीवर बसला आणि त्यानं हात वर केला. नऊच्या नऊ मतं पडली. मळेवाल्यांच्या नगरसेविका नगराध्यक्षा झाल्या.

आता या सभागृहाची मुदत फेब्रुवारी २०२७ च्या सुमारास संपेल. या वेळी नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा आहे. म्हणजे अडीच-अडीच वर्षांची वाटणी शक्यच नाही. एका पक्षानं उमेदवारी पूर्ण सोडायची आणि वर दुसऱ्याच्या उमेदवारासाठी सतराही प्रभागांत हिंडायचं. हे कसं जमेल, मला माहीत नाही. वहीचं नवीन पान अजून कोरं आहे.

पहिली बैठक गेल्या महिन्यात झाली. त्याच शेडमध्ये, पण द्राक्षं उतरलेली होती, त्यामुळे रॅक भरलेले आणि बसायला जागा कमी. दादा, भाचा, वहिनी, आण्णा, आणखी चार-पाच जण. नगराध्यक्षपदाचा विषय कोणी काढला नाही. उठायच्या वेळी आण्णांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांच्या भावकीतल्या गलाईवाल्यांची नावं होती, कोण कोणत्या शहरात, दुकान कुठे, फोन नंबर, गावी शेवटचं कधी आला. असा कागद कोणी आपल्या पक्षाबाहेर देत नाही. आण्णांनी तो भाच्याच्या हातात ठेवला.

“या वेळी यांना फोन तू करायचे,” ते म्हणाले.